नक्कल किती दूर ठेवावी?

संगणकाचं बटण दाबल्यावर पडद्यावर काही उमटेपर्यंत जे चार-दोन सेकंद जातात, त्यांत एक जुना पेच दडलेला आहे. डिस्कवरची फाइल वाचायला ऑपरेटिंग सिस्टिम लागते, आणि ऑपरेटिंग सिस्टिम तर स्वतःच डिस्कवर फाइल होऊन पडलेली असते. मग तिला पहिल्यांदा उठवायचं कोणी? १९७५ सालच्या अल्टेअर ८८०० या संगणकावर हे काम माणूस करायचा. समोरच्या पाटीवरचे खटके वर-खाली करून तो सुरुवातीच्या सूचना एकेक करत मेमरीत भरायचा आणि मग यंत्र पुढचं आपलं आपण वाचू लागायचं. वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा.

आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीने हे काम एका चिपवर सोपवलं. त्या चिपमधल्या बायोसला फारशी अक्कल नसते. ती डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलते, मेमरीत ठरलेल्या जागी ठेवते आणि कारभार त्याच्या हाती देऊन मोकळी होते. मार्च १९८३मध्ये पीसी एक्सटी आला, त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. सोबतच्या पीसी डॉस २.०ने डिस्कचे भाग पाडायची सोय केली आणि पहिल्या सेक्टरची मांडणी ठरून गेली : ४४६ बाइट सुरुवात करून देणाऱ्या कोडला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदीला आणि शेवटचे दोन बाइट खूण म्हणून.

पार्टिशन म्हणजे वाटणी, आणि वाटणी म्हटलं की आपल्याला आधी जमीन आठवते. ती इथे चपखल बसते. समजा, गावातल्या सगळ्या गटांच्या हद्दी एकाच कागदावर लिहिल्या आहेत आणि तो कागद जळाला. जमीन जागच्या जागी आहे, पीक उभं आहे, विहिरीला पाणी आहे. पण कोणाची हद्द कुठे संपते हे सांगता येत नाही. पहिला सेक्टर गेलेल्या डिस्कची हीच गत होते. फोटो, पत्रं, हिशेब सगळं शाबूत असतं, आणि संगणक मात्र ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही म्हणून हात वर करतो.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पण माझ्या कामात हा सेक्टर कधी समोर येत नाही. मागच्या पावसाळ्यात कुतूहल म्हणून एका जुन्या डिस्कचा पहिला सेक्टर उघडून पाहिला. त्यासाठी लिनक्सवर ‘डीडी’ ही आज्ञा आहे. युनिक्समध्ये ती १९७०च्या दशकात आली, नाव आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या एका आज्ञेवरून घेतलेलं. डीडीला फाइल, फोल्डर काही कळत नाही. इथून इतके बाइट उचल, तिथे ठेव, एवढंच. समोर आली आकड्यांची जाळी. मध्येच ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ ही अक्षरं, एका नोंदीच्या सुरुवातीला ८० हा सोळाच्या पायातला आकडा, म्हणजे ‘सुरुवात या पार्टिशनपासून कर’, आणि शेवटी ५५ एए ही खूण. या एका परिच्छेदापेक्षा कमी जागेत तो सगळा ऐवज मावतो.

याची नक्कल करून ठेवायला क्षणभर पुरतो. मग ती ठेवायची कुठे? या सेक्टरचा इतिहास वाचताना मला सारखं वाटत राहिलं की खरी गोष्ट या एका प्रश्नाची आहे.

नक्कल आवर्जून ठेवणाऱ्यांत अगदी सुरुवातीचे होते व्हायरस लिहिणारे. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरवर स्वतः जाऊन बसायचा. पण मूळ सेक्टर नष्ट केला तर फ्लॉपी चालणार नाही आणि चोरी लगेच उघडी पडेल. म्हणून तो मूळ सेक्टर दुसरीकडे नेऊन ठेवायचा, ती जागा ‘खराब’ म्हणून नोंदवायचा आणि स्वतःचं काम उरकलं की कारभार त्या मूळ सेक्टरकडे द्यायचा. १९८७च्या सुमारास न्यूझीलंडमधून पसरलेल्या ‘स्टोन्ड’ने हार्ड डिस्कवर तेच केलं. मूळ पहिला सेक्टर त्याने सातव्या सेक्टरमध्ये हलवला, कारण ती जागा सहसा रिकामी असे.

स्टोन्डवरूनच ‘मायकेलअँजेलो’ बेतलेला होता. ६ मार्च १९९२ला तो डिस्क पुसणार म्हणून जगभर घबराट पसरली होती. तोही मूळ सेक्टर सातव्यातच ठेवायचा. त्यामुळे एकाच डिस्कवर आधी एक आणि मग दुसरा आला, की पहिल्याने जपलेल्या मूळ प्रतीवर दुसरा पहिल्या व्हायरसचीच प्रत लिहायचा. खरा सेक्टर कायमचा गेला आणि यंत्र सुरू होईना. मूळ आणि नक्कल यांच्यात थोड्याच सेक्टरांचं अंतर होतं. ते कोणालाही सहज गाठता येण्याजोगं होतं.

माणसांनी थोडं लांबचं पाहिलं. १९९१च्या एमएस-डॉस ५.०मध्ये ‘मिरर’ नावाची आज्ञा होती. तिला योग्य पुरवणी जोडली की पार्टिशनांची नोंद ती फ्लॉपीवर उतरवून द्यायची. फ्लॉपी खणात गेली की नक्कल यंत्राबाहेर गेली. व्हायरसला खण उघडता येत नाही. मात्र त्या फ्लॉपीवर वाटणीचा कागद तेवढा असे, जमीन नसे.

आणि जमीन उचलणं सोपं नव्हतं. सगळ्या फाइली नव्या डिस्कवर कॉपी केल्या तरी ती डिस्क सुरू होत नसे. डॉसचा सुरुवातीचा कोड आपली पहिली फाइल ठरावीक जागीच शोधायचा. फाइल असून उपयोग नाही, ती त्या जागी हवी. ही अडचण ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या छोट्या कंपनीतल्या मरे हॅझर्ड यांनी ‘घोस्ट’ लिहून सोडवली. १९९०च्या दशकाच्या मध्यावर आलेला हा प्रोग्रॅम आख्खं पार्टिशन सुरुवातीच्या कोडसकट एका फाइलमध्ये बांधायचा आणि दुसऱ्या डिस्कवर तसंच उलगडायचा. १९९८ साली सिमँटेकने तो विकत घेतला. नावाचा दरारा एवढा की आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये काम तैवानमध्ये तयार झालेला फुकटचा क्लोनझिला करत असे, तरी लॅबमधले काका ‘घोस्ट मारतो’ असंच म्हणत.

घोस्टची फाइल मात्र कित्येकदा त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर राहायची. लॅपटॉपमध्ये लपवून दिलेलं रिकव्हरी पार्टिशनही तसंच. विंडोज बिघडलं तर हे पुरतं. डिस्क गेली तर मूळ आणि नक्कल हातात हात घालून जातात.

तरीही थोडं अंतर कधीकधी फार कामाला येतं. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेल्या ‘सीआयएच’ने २६ एप्रिल १९९९ रोजी असंख्य डिस्कांचा पहिला एक मेगाबाइट शून्यांनी भरून टाकला. पहिला सेक्टर गेला, फाइलींचे पत्ते ठेवणारा तक्ताही गेला. पण त्या तक्त्याच्या दोन प्रती ठेवायची पद्धत होती, आणि मोठ्या पार्टिशनवर दुसरी प्रत त्या एका मेगाबाइटच्या पलीकडे पडायची. त्या प्रतीवरून अनेकांच्या डिस्का पुन्हा उभ्या करता आल्या. पुढे इंटेलच्या पुढाकाराने आलेल्या जीपीटी या नव्या मांडणीत हे शहाणपण मुळातच घातलेलं आहे. वाटणीची नोंद डिस्कच्या सुरुवातीला, तिची प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या टोकाला, आणि दोन्हींवर आकड्यांची पडताळणी, म्हणजे कुठली प्रत बिघडली ते कळावं.

इथवर अंतर सेक्टरांत, मेगाबाइटांत, फार तर खणापर्यंतच्या पावलांत मोजत आलो. २७ जून २०१७ला ते माप अपुरं ठरलं. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ बाहेर पडला. तो पहिला सेक्टर बदलायचा, यंत्र पुन्हा सुरू करायचा आणि डिस्क तपासत असल्याचं ढोंग करत फाइलींचा तक्ता कुलूपबंद करायचा. मूळ सेक्टरची सांकेतिक प्रत तो ३४व्या सेक्टरमध्ये ठेवायचा. लाहोरच्या भावांची रीत एकतीस वर्षांनीही चालू होती. फरक एवढाच की आता ती प्रत परत आणून काही उपयोग नव्हता, आत सगळं कुलपात गेलेलं असे.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रं जगभर बंद पडली. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं. कंपनीकडे बहुतेक सर्व्हरचे बॅकअप होते. पण कोण कर्मचारी, कोणाला कशाची परवानगी, हे सांभाळणारे डोमेन कंट्रोलर हाती नव्हते, आणि त्यांच्याशिवाय बाकीचं उभं करून उपयोग नव्हता. अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ साली ‘वायर्ड’मध्ये याची हकीकत लिहिली आहे. असे सुमारे १५० सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि सतत एकमेकांशी जुळवून घेत होते. एक गेला तर बाकीचे आहेत, हा हिशेब. सगळे एकदम जातील हे हिशेबात नव्हतं.

एकच वाचला, घानामधला. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता. तिथून इंग्लंडला एवढा डेटा पाठवण्याइतकं इंटरनेट नव्हतं, तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकाने डिस्क नायजेरियापर्यंत नेली, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केल्याचं कंपनीचे अध्यक्ष जिम स्नाबे यांनी २०१८च्या जानेवारीत दाव्होसला सांगितलं.

कोपनहेगनपासून घाना हजारो किलोमीटरवर आहे, पण त्यामुळे तो सर्व्हर वाचला नाही. तेवढ्याच लांबचे इतर सर्व्हर गेले. वायर जोडलेली होती तोवर ते सगळे एकाच खोलीत असल्यासारखे होते. घानाचा सर्व्हर त्या काही तासांपुरता खरोखर दूर होता.

आपल्यापैकी बहुतेकांचा बॅकअप आज क्लाउडवर आपोआप जातो, आणि अनेकांच्या बाबतीत तो बॅकअप नसून सिंक असतो. इथे पुसलं की तिथे पुसलं जातं. माझ्याकडे एक बाहेरची डिस्क आहे. महिन्यातून एकदा ती जोडतो, पूर्ण पार्टिशनांची प्रत घेतो आणि वायर काढून कपाटात ठेवतो. सहा महिन्यांतून एकदा ती प्रत एका मोकळ्या डिस्कवर उलगडतो, दुसऱ्या यंत्राला ती डिस्क लावतो आणि बटण दाबून बघतो, सुरू होतं का.