विलायती पंचांग आणि मुंबईची कुंडी

इंग्रजी भाषेंतील बागकामाचें कोणतेंही जुनें पुस्तक उघडून पाहावें. त्यांतील शरद ऋतूच्या प्रकरणांत एक सूचना हटकून आढळते. पहिलें हिंव पडून पानें काळीं झालीं, कीं डेलियाचे कंद जमिनींतून उकरावे, माती झटकून ते कोरड्या वाळूंत घालावे, आणि जेथें पाणी गोठणार नाहीं अशा तळघरांत वसंत येईपर्यंत ठेवावे. ज्या शहरांत हिंव म्हणून कधीं पडत नाहीं आणि बहुतेक घरांना तळघरही नसतें, त्या मुंबईंतील माणसानें या उपदेशाचें काय करावें? प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु गेल्या दोनशे वर्षांत आपण पश्चिमेकडून जी विद्या घेतली ती आपल्या मातींत कशी रुजली, आणि कोठें रुजली नाहीं, याचा एक लहानसा इतिहास या प्रश्नाच्या पोटांत आहे, असें मला वाटतें.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे, कीं ज्यांना आपण विलायती फुलें म्हणतों त्यांतील पुष्कळशीं मुळांत विलायतेचीं नाहींतच. डेलिया, निशिगंध आणि झेंडू हीं तिन्ही मूळचीं मेक्सिकोचीं, गुलबक्षीही अमेरिकेचीच. डेलिया इ. स. १७८९ मध्यें मेक्सिकोहून माद्रिदच्या राजोद्यानांत पोंचली आणि १७९१ सालीं काव्हानिल्येस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानें आंद्रेआस डाल या स्वीडिश पंडिताच्या नांवावरून तिचें नामकरण केलें. मेक्सिकोच्या डोंगराळ पठारावर पाऊस उन्हाळ्यांत पडतो व हिंवाळा कोरडा जातो. पावसाबरोबर झाड वाढतें, फुलतें. पुढें कोरड सुरू झाली, कीं वरचा भाग वाळतो आणि कंद जमिनींत निजून राहतो. म्हणजे कंदाची ही निद्रा मुळांत पाण्याच्या अभावामुळें आलेली आहे. युरोपांत तिचा अर्थ बदलला. तेथें उघड्यावरील कंद गोठून कुजतो, म्हणून त्याचें अंथरूण तळघरांत गेलें. इंग्लंडांत १८४५ सालीं काचेवरील कर उठला. पुढें काच स्वस्त झाली आणि मध्यम स्थितीच्या गृहस्थांनाही काचघर बांधून उष्ण देशांतील झाडें हिंवाळाभर जगवितां येऊं लागलीं. इंग्रजी बागेच्या शास्त्राचा मोठा शत्रु ठरला तो हा हिंवाळा.

हें शास्त्र मुंबईस आलें तेव्हां येथील माती कांहीं कोरी पाटी नव्हती. पोर्तुगीज अमदानींत मुंबई बेट ज्याच्याकडे खंडानें होतें, तो गार्सिया द ओर्ता हा वैद्य वनस्पतींचा मोठा अभ्यासक होता. १५६३ मध्यें गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें आपल्या पारिजातकाचें वर्णन केलें आहे. गिरगांवांतील फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी हीं नांवें आजही सांगतात, कीं येथें पूर्वीं वाडी या शब्दाचा अर्थ चाळींचा समूह असा नसून झाडांची बाग असा होता. इंग्रजी अमदानींत, १८३० सालीं, पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि व उद्यान मंडळीची स्थापना झाली आणि शिवडीस तिची बाग उभी राहिली. पुढें डॉ. जॉर्ज बर्डवूड यांच्यासारखे इंग्रज आणि नाना शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ यांच्या प्रयत्नांनीं भायखळ्यास मोठें उद्यान झालें. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं लेडी फ्रीअर यांच्या हस्तें तें खुलें झालें. तोच आपला राणीचा बाग, म्हणजे आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. शिवडीची जुनी बाग १८६५ च्या सुमारास ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीसाठीं गेली, आणि १८७३ मध्यें भायखळ्याचें उद्यान म्युनिसिपालिटीकडे आलें.

या सर्व खटपटींतून मुंबईकरांना नवीं झाडें मिळालीं, परंतु झाडांबरोबर आलेलें पंचांग येथें लागू पडेना. मुंबईची थंडी ती किती! २२ जानेवारी १९६२ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला, तो आपल्या शहरांतील कडाक्याच्या थंडीचा दाखला म्हणून अजून सांगितला जातो. तरी पाणी गोठण्यास आणखी सात अंश उरलेच होते. उलट जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथें सुमारे २००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. लंडन शहरीं वर्षभरांत पडतो त्याच्या तिपटीहून हा अधिक. तेव्हां कंदाला भय असेल तर तें श्रावणाचें, पौषाचें नव्हे. म्हणून विलायतेंत जुलैपासून फुलणारी डेलिया मुंबईंत पाऊस सरल्यावर लावावी लागते आणि ती ऐन थंडींत फुलते. तिचे कंद काढून ठेवावयाचे ते फाल्गुन-चैत्रांत, आणि जपावयाचे ते पावसाळ्यांत. कोरडी वाळू तीच, पेटी तीच. मात्र महिने अगदीं उलटे.

हा उलटा हिशोब येथील माळ्यांना अवघड गेला नसावा, असें मानण्यास जागा आहे. कारण झाड निजविण्याची विद्या त्यांच्याजवळ होतीच. मोगऱ्याचेंच पाहा. उन्हाळ्यांत भरघोस फुलावा म्हणून पावसाळा संपल्यावर त्याचें पाणी तोडतात, पानें झडूं देतात, थंडींत छाटणी करून मुळांजवळची माती मोकळी करतात, आणि मग खत घालून पुन्हां पाणी सुरू करतात. उपाशी ठेवलेलें झाड पाणी मिळतांच कळ्यांनीं लगडतें. इंग्रज माळी जें काम थंडीकडून करवून घेतो, तेंच आपला माळी पाणी तोडून करतो. दोघांनाही एकच मर्म कळलें होतें, कीं फुलण्यापूर्वीं झाडाला विसांवा लागतो. परंतु एकाचें ज्ञान छापलें गेलें आणि दुसऱ्याचें हातांतून हातांत गेलें. आणि आम्हां शाळेंत शिकलेल्यांना छापलेलें तेवढेंच ज्ञान वाटूं लागलें.

ही विद्या पुढें बंगल्यांच्या आवारांतून चाळींच्या गॅलरींत आली. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग शिरला; दाट वस्तीला हवा व उजेड मिळावा म्हणून १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि दादर-माटुंग्याकडे मोकळ्या जागा सोडून नवीं घरें उठलीं. तेथील पांढरपेशा कुटुंबांना खिडकीखालीं हातभर माती मिळाली. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला तीही मिळाली नाहीं. १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत १६० चौरस फुटांची एक खोली, तींत सारें कुटुंब. झाड लावावयाचें तर तें रॉकेलच्या डब्यांत, खिडकीच्या गजांना बांधून. तरी तुळशीच्या शेजारीं गुलबक्षी फुले. पाऊण वीत मातींत तग धरणारीं आणि एक ऋतु दृष्टीआड राहून पुन्हां उगवणारीं हीं कंदाचीं झाडें अशा घरांना विशेष मानवलीं, यांत नवल नाहीं.

माझें बालपण गिरगांवांतील एका वाडींत गेलें. आमच्या गॅलरींत आजीची एक कुंडी होती, मे-फ्लॉवरची. हें झाड मूळचें आफ्रिकेचें. वैशाखांत, पान येण्यापूर्वींच, जमिनींतून एक दांडा वर येतो आणि त्यावर तांबड्या तंतूंचा चेंडूएवढा गोल उमलतो. पावसाळाभर पानें हिरवीं राहतात, पुढें पिवळीं पडून गळतात, आणि थंडीचे महिने कुंडींत नुसती माती दिसते. आजी दिवाळीनंतर ती कुंडी जिन्याखालीं सरकवून ठेवी व चैत्र लागेपर्यंत तिला पाण्याचा थेंब देत नसे. मी बी. ए. झालों त्या वर्षीं आजी आत्याकडे दोन महिने राहावयास गेली होती. बागकामाचीं एकदोन इंग्रजी पुस्तकें चाळून मला नुकतेंच शहाणपण आलेलें. कोरडी पडलेली कुंडी पाहून मला कींव आली आणि मी तिला रोज तांब्याभर पाणी घातलें. मे महिना उलटला तरी दांडा वर येईना, तेव्हां माती उकरली. आंतील गड्डा कुजून त्याचा लगदा झाला होता. आजी रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "अरे, निजलेल्याला कोणी जेवूं घालतं का?" मग ती समोरच्या काकूंकडे गेली. त्यांना तिनेंच पूर्वीं एक पिल्लू दिलें होतें. त्याच्या गड्ड्याचें पिल्लू मागून तिनें कुंडी पुन्हां भरली.

तीन वर्षांपूर्वीं आमची चाळ पुनर्विकासासाठीं रिकामी झाली, ती नेमकी जानेवारींत. सामान हलविणाऱ्या माणसांनीं हिरवीं झाडें जपून खालीं नेलीं. मातीच्या तेवढ्या कुंड्या रिकाम्या समजून गॅलरींतच राहूं दिल्या. त्यांत त्यांचा काय दोष? मी स्वतः एकदां तीच चूक केली होती. त्या सायंकाळीं मी तिन्ही मजले फिरून शेजाऱ्यांना विचारीत सुटलों, कीं कोणत्या कुंडींत काय आहे. तरुण मंडळींना सांगतां येईना. दोन म्हाताऱ्या बायांनीं मात्र बोटानें दाखवून दिलें: हींत मे-फ्लॉवर, हींत निशिगंध, ही खरोखरच रिकामी. त्यांच्या सांगण्यावरून सात कुंड्या खालीं आणल्या. बाकीच्यांत काय निजलें होतें, तें सांगणारें माणूस आतां चाळींत उरलें नव्हतें.