खेळाडू टिकला, क्लब गेले

इंग्लंडमध्ये पोटासाठी फुटबॉल खेळणारा माणूस गावे बदलत राहतो. क्लब मात्र जागचा हलत नाही. १८८८ साली तिथली लीग सुरू झाली, तेव्हाचा प्रेस्टन नॉर्थ एंड आजही खेळतो. मुंबईत उलटे घडले.

खालिद जमील १९७७ साली कुवेतमध्ये जन्मला आणि मुंबईत खेळून कमावता झाला. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी हे त्याचे संघ. महिंद्रने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये संघ गुंडाळला. एअर इंडियाचाही गेला. २०१७मध्ये खालिदने प्रशिक्षक म्हणून मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. त्याच हंगामात त्याचा जुना मुंबई एफसी तळाला गेला आणि पुढे बंद पडला.

हे संघ कंपन्यांच्या पैशावर उभे होते. कंपनीचा हिशेब बदलला की संघ संपला. कोल्हापुरात तालमींचे संघ टिकले, कारण त्यांच्यामागे पेठ उभी असते.

ऑगस्ट २०२५मध्ये खालिद भारताचा प्रशिक्षक झाला. माणूस पुढे गेला, याचा आनंदच आहे. पण उद्या आमच्या घणसोलीच्या पोराने बूट बांधले, तर त्याच्यामागे कोण उभे राहणार? कंपनी की गाव?