धोतर-कर्करोग

धोतर, लुगडे किंवा परकराचा नाडा कमरेवर वर्षानुवर्षे एकाच जागी आवळून बांधल्याने कातडी सतत घासली जाते आणि तेथील बऱ्या न होणाऱ्या जखमेतून क्वचित त्वचेचा कर्करोग उद्‌भवतो, त्याला हे नाव आहे. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतीय चालीरीतींशी निगडित कर्करोगांचे वर्णन करताना याची नोंद केली. हा स्क्वॅमस, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग होय.

उदगीरसारख्या तालुक्यात धोतर आणि नऊवारी नेसणारी वयस्क पिढी अजून आहे. सावळ्या कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देत असल्याने, गोऱ्या लोकांच्या देशांत तीळ आणि उन्हाचा मलम यांभोवती फिरणारी जागृती येथे तशीच उचलणे फारसे उपयोगी नाही. येथे कंबर, भाजल्याचे जुने व्रण आणि तळवे आधी पाहावे लागतात.

प्रारंभी नाड्याच्या रेषेवर काळा पट्टा उमटतो, खाज सुटते, खवले धरतात. पुढे रंग उडतो किंवा कातडी जाड होते. हे नायटा समजून मलमावर निभावले जाते, आणि कंबर उघडी करून दाखवण्याचा संकोच त्यात भर घालतो. ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये २०२४ साली वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी वर्णन केलेल्या दोन वृद्ध स्त्रियांपैकी एकीची जखम दीड वर्षाची, तर परकराविना लुगडे नेसणाऱ्या दुसरीची दोन वर्षांची होती, आणि दुसरीचा रोग जांघेतील लसिकाग्रंथीपर्यंत पोचला होता.

काही आठवड्यांत न भरणारी, कडा उंच व टणक झालेली किंवा रक्त येणारी जखम दिसताच तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी, हाच निदानाचा मार्ग होय. ‘सुरी लागली की गाठ पसरते’ ही समजूत मात्र त्याच्या आड येते. रोग लहान असताना भोवतालच्या निरोगी कातडीसह तो कापून काढता येतो. नाडा रुंद व सैल ठेवणे आणि बांधण्याची जागा बदलत राहणे, एवढ्याने घर्षण कमी होते.

तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग येतात, त्वचेचा येत नाही. कुष्ठरोगाचे चट्टे शोधणाऱ्या आशा कार्यकर्तीची नजर मात्र त्याच फेरीत कमरेच्या पट्ट्यावरही पडू शकते.