जुन्या ध्वनिवर्धकाची डागडुजी

ध्वनिवर्धक म्हटला की लग्नाच्या मांडवातला कर्णा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आज बोलावयाचे आहे ते कर्ण्यामागच्या पेटीबद्दल, म्हणजे ॲम्प्लिफायरबद्दल. घोडेगाव, मंचर, जुन्नर या बाजूची किती तरी कुटुंबे पोटासाठी मुंबईला गेली. तिथले डबेवालेसुद्धा बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर इकडचेच. सुटीला गावी येताना कोणी रेडिओ आणला, कोणी तबकड्यांचे यंत्र आणले, आणि ज्याला परवडले त्याने दोन स्पीकरांचा स्टिरिओही आणला. अशी एखादी पेटी अजून माळ्यावर सापडते. भंगारवाला ती तांब्याच्या भावाने मागतो, कारण आतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याची तार असते. ती देऊन टाकण्याआधी तिच्यात काय आहे, ते पाहू या.

पाटाचे दार आपण एका हाताने फिरवतो आणि त्या जोरावर केवढे तरी पाणी सुटते. पाणी आपल्या हाताचे नसते, ते धरणाचे. आपण फक्त दार कमीजास्त करतो. ॲम्प्लिफायरचेही तसेच आहे. तबकडीवरून येणारा क्षीण विद्युत्प्रवाह दार हलवतो, आणि मोठा प्रवाह येतो तो घरातल्या विजेतून. हे दार प्रथम काचेच्या नळीत बसले. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगने दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात तिसरे टोक घातले. ते तिसरे टोक म्हणजेच आपले पाटाचे दार.

पण आवाज मोठा झाला तसा तो फाटूही लागला. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेतला हॅरल्ड ब्लॅक कित्येक वर्षे याच चिंतेत होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी नावेतून नदी ओलांडून कामावर जाताना त्याला युक्ती सुचली, आणि जवळ कागद नव्हता म्हणून त्याने ती वर्तमानपत्राच्या पानावरच लिहून काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडा भाग उलटा करून पुन्हा आत घालावयाचा! त्यामुळे आवाजाची वाढ कमी होते, पण फाटलेपणाही तितकाच कमी होतो. मिळवलेले मुद्दाम थोडे सोडून द्यावयाचे, ही गोष्ट पेटंट कचेरीला पटेना. पेटंट हाती यायला १९३७ साल उजाडले. घरगुती स्टिरिओच्या चांगल्या पेटीत पुढे हीच युक्ती वापरली गेली. दोन वेगळ्या वाटांनी आवाज नेण्याची स्टिरिओची कल्पना इंग्लंडातल्या ॲलन ब्लुमलाइनने १९३१ च्या अखेरीस नोंदवली. तशा तबकड्या मात्र बाजारात सर्रास आल्या त्या १९५८ च्या सुमारास.

आपल्याकडे त्याच काळात निराळीच गडबड चालू होती. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत रेडिओ-शेतकरी मंडळे भरली. आठवड्यातून दोनदा, असे २० कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत, आणि प्रश्न केंद्राकडे पाठवीत. वीज नसलेल्या गावांत संच बॅटरीवर चाले. बॅटरी उतरली की गावाचे ऐकणेच बंद. तेव्हा यंत्र चालू ठेवणे हे यंत्र आणण्याइतकेच मोठे काम आहे, हे आपल्या भागाला तेव्हापासून ठाऊक आहे.

आता माळ्यावरची पेटी. ती आणली की लगेच प्लग लावून पाहण्याचा मोह होतो. तसे करू नये. वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या पेटीत पहिला घात कंडेन्सरचा असतो. विजेचा गाळणारा मोठा कंडेन्सर आतून सुकतो आणि स्पीकरमधून सारखी घुं-घुं येते. दोन टप्प्यांमधले कागदी कंडेन्सर ओल धरतात. भीमाशंकरच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. असा कंडेन्सर गळू लागला की शेवटचा व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. एक रुपयाच्या जागी हजारांचे नुकसान! कार्बनचे रेझिस्टन्सही वर्षांगणिक आपला आकडा वाढवीत जातात, म्हणून प्रत्येक मीटरने तपासावा. आवाजाचे बटण फिरवताना खरखर झाली तर ते बहुधा नुसते साफ करून भागते.

जिवाची गोष्ट आधी सांगतो. व्हॉल्व्हच्या पेटीत शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. मोठा रेझिस्टन्स जोडून तो उतरवावा, मीटरने शून्य पाहावे, मगच हात घालावा. गुरुजींनी वर्गात असली पेटी उघडू नये. मुलांना दाखवावयाचे तर बारा व्होल्टचा ट्रान्झिस्टरचा लहान ॲम्प्लिफायर पुरे. काम झाल्यावर पेटी प्रथम सिरीज बल्बवर लावावी. बल्ब जुन्या तारेचाच हवा, एलईडी चालणार नाही. तो आधी पेटला आणि मग मंदावला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत कुठे तरी शॉर्ट आहे. स्पीकर जोडल्याशिवाय मात्र व्हॉल्व्हची पेटी सुरू करावयाची नाही.

दुरुस्ती झाली, आता सुधारणा. इथेच पुष्कळांचे चुकते. सुधारणा म्हणजे काय ठेवावयाचे आणि काय बदलावयाचे, याचा निवाडा. तो पाहावयास घोडेगावाहून फार लांब जावे लागत नाही. नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. त्यांतल्या १४ मध्यभागी, बाकीच्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण की पहिला ॲम्प्लिफायर थाळीच्या तोंडाशीच लागतो, आणि त्याने स्वतःचा गोंगाट जवळजवळ घालता कामा नये. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरू लागले. पुढे तिची सुधारणा निघाली, ती २०१९ पर्यंत पुरी झाली. थाळ्या त्याच राहिल्या. बदलले ते तोंडाशी बसणारे संग्राहक, ॲम्प्लिफायर आणि मागची यंत्रणा. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू येई, आता ४०० पर्यंतचा येतो. आणि हे काम चालू असताना जुनी यंत्रणाही निरीक्षणे करीतच होती.

घरच्या पेटीला हाच न्याय लावावा. तिच्या थाळ्या म्हणजे तिचे ट्रान्सफॉर्मर. जुन्या कारागिराने मोजून गुंडाळलेले, पुन्हा सहजी न मिळणारे. त्यांना हात लावू नये. कंडेन्सर सगळे नवे घालावेत. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सामान मिळते. पण मोठा म्हणजे चांगला, असे समजून भलताच मोठा कंडेन्सर घालू नये. सुरुवातीला तो इतका प्रवाह ओढतो की विजेची दिशा सरळ करणारा व्हॉल्व्हच बसतो. कारखान्याने जो आकडा दिला त्याच्या आसपासच राहावे. जुन्या दोन तारांच्या जागी अर्थिंगसह तीन तारांची वायर, नवा फ्यूज, आणि मोबाइलवरचे गाणे ऐकावयाचे असल्यास मागे एक जोडणी, एवढी भर पुष्कळ. व्हॉल्व्ह काढून त्या जागी आयसी बसवणारे कारागीर भेटतात. आवाज येतो, नाही असे नाही. पण मग जुनी पेटी म्हणून उरतो फक्त डबा.

शेवटी दोन्ही बाजू एकेक करून वाजवाव्या. डावीकडचा आवाज मंद वाटला तर दोन्हींकडचे व्हॉल्व्ह आपसात बदलून पाहावे, अर्थात बंद करून, थंड झाल्यावर. मंदपणा उजवीकडे गेला तर दोष व्हॉल्व्हचा. तिथेच राहिला तर शोध पुढे चालू. आणि काय बदलले, कोणत्या आकड्याचे, कोणत्या साली, हे एका कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवावे. पुढच्या वेळी पेटी उघडणाऱ्याला तो कागद सर्वांत आधी लागेल.