आख्यान आणि तिकीटबारी

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील सुपा आणि भोवतालच्या पारनेर तालुक्यासारख्या घाटावरच्या मुलखात हरिश्चंद्र, सीता, तुकाराम ही नावे चित्रपट येण्याच्या कितीतरी आधी कीर्तनातील आख्यानांतून, म्हणजे निरूपणाला जोड म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कथांतून, घरोघरी रुळलेली होती. महाराष्ट्रातील चित्रपटधंद्याने आपले पहिले भांडवल याच ओळखीवर लावले, कारण कथा समजावून देण्याचे निम्मे काम कीर्तनकारांनी आधीच करून ठेवले होते.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी खुला झाला. विमापॉलिसीवरील कर्ज आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या मूकपटाला भाषेचा अडसर नव्हता. दृश्यांच्या मधे येणारी शीर्षके ज्याला वाचता येत नसत, त्यालाही पुढे काय घडणार हे ठाऊक असे. तरीही ओळखीची कथा आपोआप गर्दी खेचत नाही, हे सुरतेस दिसले. तेथे पहिल्या दिवशी अवघा तीन रुपये गल्ला जमल्यावर फाळक्यांनी जाहिरातीत कथेऐवजी मालाचे मोजमाप दिले, असे सांगितले जाते: ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर तीन आणे. फिल्मची प्रत्यक्ष लांबी ३,७०० फूट, म्हणजे पाऊण मैलाहूनही कमी होती. फुटाला सोळा चित्रे या हिशेबाने छायाचित्रांचा आकडा मात्र बव्हंशी खरा ठरतो. पुढे ‘लंकादहन’ने (१९१७) मारुतीचे उड्डाण आणि जळती लंका पडद्यावर आणली व उदंड पैसा मिळवला, कारण कीर्तनकार ज्याचे केवळ वर्णन करू शकत होता ते येथे डोळ्यांना दिसत होते.

द्रौपदीचा छळ करणाऱ्या कीचकाच्या वधाच्या कथेचे नशीब याहून बोलके आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला, तेव्हा ती आठवण पुसलेली नव्हती. भीमाने केलेला कीचकाचा वध पडद्यावर इतका खरा उतरला की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली, तर लोकमान्य टिळकांनी पेंटरांचा गौरव केला. १९३३ मध्ये प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली तीच कथा रंगीत बोलपट म्हणून केली व फिल्मवरील रंगप्रक्रिया जर्मनीत करून आणली, परंतु रंग भडक उमटले आणि चित्रपट पडला. कथा तीच असून खर्च वाढला होता. मात्र तो खर्च रंगांवर झाला होता आणि कीचकाबद्दल प्रेक्षकांना वाटणारी चीड त्यातून वाढण्यासारखी नव्हती.

प्रभातनेच पुढे विष्णुपंत दामले व साहेबमामा फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुकाराम’ (१९३६) काढला, जो मुंबईत सलग ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात वैकुंठगमनाची करामत आहे, पण चित्रपट तोलून धरते ती तुकारामांची पत्नी जिजाई हिची भूक आणि चिडचिड. त्याच सुमारास कोल्हापूर सिनेटोनने फाळक्यांकडून ‘गंगावतरण’ (१९३७) करवून घेतला. दोन वर्षे आणि सुमारे अडीच लाख रुपये खर्चूनही तो फाळक्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

शहरातील चित्रपटगृहांतून उतरलेल्या अशा चित्रपटांना दुसरे आयुष्य मिळे ते फिरत्या टॉकीजमध्ये, म्हणजे जत्रेत उभारलेल्या तंबूतील पडद्यावर, आणि पौराणिक चित्रपट वर्षानुवर्षे कमाई करीत राहत ते बऱ्याच अंशी यामुळेच. आज पहिल्या आठवड्यातच निकाल लागत असल्याने ती सवड उरलेली नाही. ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’ला (२०२३) रामकथा आणि शेकडो कोटींचा खर्च वाचवू शकला नाही, तर लक्ष्मण उतेकर यांच्या ‘छावा’ने (२०२५) देशात सहाशे कोटींहून अधिक गल्ला जमवला. छत्रपती संभाजी महाराजांची ही कथा आख्यायिका नसून इतिहास आहे आणि सुपा परिसराला ती भूगोलानेही जवळची आहे: कैदेनंतर त्यांना जेथे नेले तो बहादूरगड शेजारच्या श्रीगोंदे तालुक्यात पेडगावला आहे, आणि वढू बुद्रुकची समाधी सुप्यावरून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जवळच, कोरेगाव भीमाजवळ आहे. या जवळिकीची दुसरी बाजूही निर्मात्यांना सांभाळावी लागली. महाराज लेझीम खेळताना दाखवलेल्या प्रसंगावर आक्षेप येताच तो प्रदर्शनापूर्वीच काढून टाकण्यात आला.