कुळाचा राजीनामा

‘मार्क्सवाद आणि कायदा’ हा विषय उन्हाळ्याच्या संध्याकाळी काहीसा रूक्ष वाटेल, याची मला जाणीव आहे. म्हणून आरंभ जर्मनीपासून न करता आपल्याच तहसील कचेरीपासून करतो.

एक चार ओळींचा कागद डोळ्यांपुढे आणा. अमुक सर्व्हे नंबरची जमीन मी कूळ या नात्याने कसत होतो, आता माझ्याच्याने होत नाही, म्हणून स्वखुशीने ती मालकास परत करीत आहे, अशा अर्थाचा तो मजकूर. खाली अंगठ्याचा ठसा. याला राजीनामा म्हणत. मार्क्सवादी कायदेविचार समजून घेण्यासाठी याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

मात्र या कागदाचा जन्म कसा झाला, हे आधी पाहिले पाहिजे. निजामाच्या राज्यात सुमारे साठ टक्के मुलूख दिवाणी, म्हणजे सरळ सरकारी अमलाखाली होता. उरलेला जहागिरी, पायगा आणि खुद्द निजामाच्या सर्फेखासचा. जहागिरीत सारा गोळा करणारा जहागीरदार. त्याच्याखाली देशमुख आणि पट्टेदार. पट्टेदाराखाली शिकमीदार व बटईने कसणारा. आणि सर्वांत तळाशी घेतलेल्या उचलीपायी वर्षानुवर्षे राबणारा गडी. नांदेड जिल्ह्यात काय किंवा त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका असलेल्या लातुरात काय, उतरंड थोड्याफार फरकाने हीच. तेव्हा कायदे नव्हते असे समजू नका. कर्जापायी वेठबिगार लिहून घेण्यावर बंधन घालणारा भगेला नियम १९३६ चा आहे. जुन्या कुळांना संरक्षण देऊ करणारा असामी शिकमी कायदा फसली १३५४ चा, म्हणजे इ. स. १९४४-४५ चा. पण नोंद ठेवणारा वतनदार पटवारी गावातल्या मोठ्या घरांचाच माणूस; त्याच्या लेखणीतून कुळाचे नाव उतरावे कसे?

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि जून १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा अमलात आला. ही घाई सरकारच्या केवळ सद्बुद्धीची नव्हती. शेजारच्या तेलंगणात १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता, तो १९५१ च्या ऑक्टोबरात थांबला. तेलंगण नांदेडकरांना काही परका मुलूख नव्हता. १९५६ पर्यंत मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातच होता. पुढे १९५२ च्या निवडणुकीनंतर कॉ. व्ही. डी. देशपांडे हैदराबाद विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. ज्या कायद्याला वर्गशत्रूचे हत्यार म्हणायचे, त्याच्याच कलमांवर सभागृहात बसून वाद घालण्याची पाळी मार्क्सवाद्यांवर आली.

कायदा मात्र कागदावर खरोखरच भक्कम होता. ठरावीक काळात सलग सहा वर्षे जमीन कसलेल्याला ‘संरक्षित कूळ’ मानले गेले. त्याला मनमानीने काढता येईना. जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. १९५४ च्या दुरुस्तीनंतर तर, सरकारने अधिसूचना काढली की ठरावीक मर्यादेपर्यंत कूळच मालक, अशी तरतूद झाली. तिचे कलम ३८-ई. मराठवाड्यात ती अधिसूचना १९५७ मध्ये निघाली.

पण दरम्यान काय झाले? अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुसरो यांनी जुन्या जहागिरी मुलखाची पाहणी करून १९५८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे : १९५१ मध्ये जी शंभर संरक्षित कुळे होती, त्यांपैकी तीन-चार वर्षांनी सुमारे ४५ कूळ म्हणून टिकली, १२ जणांनी जमीन विकत घेतली, कायदेशीर मार्गाने काढलेले दोन-तीनच, बेकायदा हुसकलेले सुमारे २२, आणि सतरा-अठरा जणांनी ‘स्वखुशीने’ जमीन सोडली. आपला राजीनामा तो हा!

कायदा म्हणजे श्रीमंताच्या हातातली काठी, ही मार्क्सवादाची बाजारात चालणारी आवृत्ती. ती राजीनाम्याचा उलगडा करू शकत नाही. कारण येथे काठी तर कुळाच्या हातात दिलेली होती. खुद्द मार्क्सने १८४२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ऱ्हाइन प्रांतातील लाकूडचोरीच्या कायद्यावर लेख लिहिले, तेव्हा त्याचा रोख असा होता की, रानात पडलेल्या वाळक्या फांद्या वेचण्याचा गरिबांचा वहिवाटीचा हक्क कायद्याने एका शब्दात चोरी करून टाकला. पुढे रशियन पंडित पाशुकानिस याने १९२४ च्या ग्रंथात आणखी खोल प्रश्न विचारला. कायदा कोणाच्या बाजूचा, एवढेच विचारू नका. कायदा माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतो ते विचारा. त्याचे उत्तर असे की, कायदा प्रत्येकाला बाजारातल्या विक्रेत्यासारखा स्वतंत्र, समान आणि आपल्या इच्छेचा धनी समजतो.

आता तहसील कचेरीत चला. कायदा म्हणतो, राजीनामा लेखी हवा, कुळाने तो तहसीलदारासमोर कबूल करावा, आणि तो सद्भावनेने दिला आहे अशी तहसीलदाराची खात्री व्हावी. तहसीलदार विचारतो, ‘कोणाचा दबाव आहे का?’ मालक बाहेर छकड्यापाशी उभा. बियाणे त्याचे, मुलीच्या लग्नाचे कर्ज त्याचे, ज्या विहिरीवर बैल पाणी पितात ती त्याची. कूळ म्हणते, ‘नाही, सरकार.’ यात खोटी सही नाही, लाच असलीच पाहिजे असे नाही. कायद्याला जेवढे पाहता येते तेवढे त्याने पाहिले. कर्ज, विहीर आणि छकडा त्याच्या नजरेच्या टापूत येतच नव्हते.

इथवर मी पाशुकानिसशी सहमत आहे. पण समाजवादात कायदा आपोआप गळून पडेल, या त्याच्या निष्कर्षाशी माझे जमत नाही. १९३७ मध्ये त्याच्याच राज्यकर्त्यांनी त्याला गोळी घातली. कायद्याचे कवच नसलेली सत्ता काय करते, हे त्याच्या वाट्याला आले. वृद्ध एंगल्सने १८९० मध्ये एका पत्रात जे सुचविले ते मला अधिक पटते : कायद्याला स्वतःशी सुसंगत राहावे लागते, म्हणून एका वर्गाची इच्छा त्यात उघडीनागडी उतरू शकत नाही. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्सन १९७५ मध्ये जवळपास तेथेच पोचला. तोही मार्क्सच्याच परंपरेतला. मालकांना राजीनाम्याचे सोंग आणावे लागले, याचाच अर्थ कायद्याने त्यांना कोठेतरी अडविले होते. ते बारा मालक झाले आणि पंचेचाळीस टिकले, त्यांची जमीन काही भाषणांनी राखली नाही, नोंदीनेच राखली.

आणि ज्यांचे नाव मुळात कूळ म्हणूनही कोठे नव्हते? बहुसंख्य दलित शेतमजुरांना या सगळ्या कलमांतून काय मिळाले? कूळकायदा जमीन कसणाऱ्या कुळाला ओळखतो, मजुराला ओळखत नाही. त्यांच्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले आणि गायरानाचा प्रश्न कायद्याच्या दारात आणून उभा केला गेला. आमचे मार्क्सवादी आणि आमचे वकील या दोघांनीही तो प्रश्न उशिरा वाचला, असे माझे मत आहे.

१९५४-५५ च्या खासरा पाहणीची पाने पुढेही अनेक दशके कापडी बस्त्यांतून निघत राहिली. कुळांचे नातू तहसीलपासून उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत भांडत आले, आणि तेथे वाद बहुधा एकाच गोष्टीभोवती फिरला : अधिसूचनेच्या दिवशी आजोबा कूळ होते की नव्हते, आणि त्या कागदावरचा अंगठा तहसीलदारासमोर उमटला होता की मालकाच्या ओसरीवर.