पारसनिसांची भाषा

परभाषा शिकायला घेणारे पुष्कळ आणि शेवटास नेणारे थोडे, हा अनुभव घरोघरचा आहे. एखाद्याने फ्रेंचचे पहिले पुस्तक आणले, चार महिने क्रियापदे घोकली आणि पाचव्या महिन्यात ते पुस्तक माळ्यावर गेले, तर त्याची नोंद कोणी ठेवत नाही. परंतु सबंध मुलूखच तीन-साडेतीनशे वर्षे एक परभाषा नेटाने शिकतो आणि पुढे ती त्याच्या हातून अशी सुटते की, आजोबांचे कागद नातवांना वाचता येऊ नयेत, तेव्हा तो इतिहासाचा विषय होतो. महाराष्ट्रात फार्शीचे असे झाले. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय जरा कोरडा वाटेल. पण वाचकहो, तुमच्या ताटातला शंकरपाळा हा मूळचा फार्शी शकरपारा आहे आणि बर्फीतला ‘बर्फ’ही तिकडचाच. तेव्हा विषय तसा ताटातलाच म्हणायचा.

१३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले आणि दक्खनच्या दरबारात फार्शी बसली. इकडच्या देशपांडे-कुलकर्ण्यांना तिच्याविषयी प्रेम वाटण्याचे काही कारण नव्हते. पण फर्मान फार्शीत, सनद फार्शीत. मग मुलाला ‘करीमा’ आणि सादीचे ‘गुलिस्तान’ शिकवल्यावाचून गत्यंतर काय? विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (राज्य १५३४ ते १५५८) हिशेबाचे दप्तर फार्शीतून काढून देशी भाषेत आणले आणि ते ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले, असे फिरिस्ता लिहितो. तरी त्या देशी लिखाणात देशी शब्द शोधावेच लागत. एकनाथांनी ‘अर्जदास्त’ रचून दरबारी अर्जाची भाषा परमार्थाला लावली. कीर्तनाला बसलेल्या साध्या माणसांना ती कळत होती, म्हणूनच ना?

राजवाड्यांनी जुनी पत्रे घेऊन त्यांतले शब्द चक्क मोजले. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४ च्या आसपास, १६७७ च्या पत्रात ६२ च्या आसपास आणि १७२८ च्या पत्रात ९३ च्या वर. शंभर वर्षांत पारडे पार फिरले! याचे श्रेय आपण शाळेत ‘राज्यव्यवहारकोशा’ला देतो. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून, राज्याभिषेकाच्या सुमाराच्या त्या काळात, रघुनाथपंत हणमंत्यांच्या नावावर मोडणारा हा कोश तयार झाला. दहा वर्गांत सुमारे १४०० दरबारी शब्द आणि त्यांचे संस्कृत पर्याय. काम मोठे होते, यात शंका नाही. तरीपण माझे मत जरा निराळे आहे. ‘अमात्य’, ‘सचिव’ हे शब्द मानाने मिरवले खरे, पण कचेरीत बसला तो फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस असाच. आणि यांतला ‘नीस’ म्हणजे फार्शी ‘नवीस’, लिहिणारा. कोशाने शब्द थोडेच हटले. फार्शीची गरज हटली ती वेगळ्या कारणाने. गादीवरचा धनीच मराठी बोलू लागला! कुलकर्ण्याच्या मुलाला वर चढायला आता ‘गुलिस्तान’ लागेना. ज्या घटकेला बापाने मुलाला ‘राहू दे ते’ म्हटले, त्या घटकेला भाषा गेली. अशा घटकेची तारीख कोणत्याच बखरीत सापडत नाही.

बाहेरच्या दरबारांशी बोलायला मात्र फार्शी हवीच होती. दिल्लीला हिंगण्यांची वकिली होती, निजामाशी पत्रव्यवहार होता, इंग्रजांचा वकीलही फार्शीच जाणत होता. यासाठी पेशव्यांच्या पदरी पारसनीस असत. फार्शी लिहिणे-वाचणे हाच त्यांचा हुद्दा. इथे गोष्ट मोठी गमतीची होते. जी भाषा एके काळी हजारो घरांत घोकली जात होती, ती आता मोजक्या घरांचा धंदा झाली आणि बाकीच्यांना सुटल्यासारखे वाटले. गावात एक वैद्य असला की बाकीचे नाडी बघायला शिकत नाहीत, तसे. १८१८ साली पेशवाई गेली, १८३७ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखातल्या कचेऱ्यांतून फार्शी काढण्याचा कायदा केला आणि पारसनिसांजवळ आडनाव तेवढे उरले. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्यामुळे ते आडनाव पुन्हा जुन्या कागदांशी जोडले गेले, हा योगायोग मला फार आवडतो. फार्शी सोडलेली तीच कारकुनी घराणी दुसऱ्याच पिढीत इंग्रजीच्या शाळेत जाऊन बसली. आळस अंगात असता तर ती तिथेही दिसली नसती.

आमच्या डोंगराकडे ही भाषा कुठल्या वाटेने आली, तेही पाहण्यासारखे आहे. मी मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळेला मुलांना शिकवतो. शेजारी जव्हार, मुकणे घराण्याचे कोळी संस्थान, १९४८ साली विलीन झालेले. या घराण्याचा मूळ पुरुष जयबा. त्याच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली राजा म्हणून मान्य केले आणि तो निमशहा झाला. ‘शहा’ हा फार्शी शब्द बहामनी राज्याच्याही आधी आमच्या जंगलात पोहोचला तो असा. पुढे शिवाजीमहाराज सुरतेच्या स्वारीला जाताना जव्हारजवळ मुक्कामाला होते आणि विक्रमशहाने तिथे त्यांना मानाचा शिरपेच दिला, अशी इकडची परंपरा सांगते. जागेचे नाव शिरपामाळ. ज्यांच्या आज्ञेने पुढे फार्शी शब्द निवडून बाजूला काढले गेले, त्यांच्या मस्तकी आमच्या राजाने जे चढवले, त्या शिरपेचाचे नाव फार्शी!

आमच्या वर्गात वारली, ठाकर, कोकणा, कातकरी मुले आहेत. पुस्तकातली मराठी हीच त्यांना घरची नव्हे. ती शिकता शिकता इंग्रजी येते. २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासूनच आहे. पहिली दोन-तीन वर्षे मुले कविता हातवारे करून म्हणतात, जोरात म्हणतात. सहावी-सातवीला आली की आवाज खाली जातो. एक मुलगा चांगला हुशार, स्पेलिंगे तोंडपाठ, त्याने एक दिवस वही मिटून विचारले, “गुरुजी, पण बोलायचं कुणाशी?” मला चटकन उत्तर सुचेना. माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला इंग्रजीची भीती वाटते म्हणून नव्हे. प्रश्नच बरोबर होता म्हणून. सूर्यमाळेहून खोडाळ्यापर्यंत वाटेत त्याला इंग्रजीत हाक मारणारे कोणी भेटत नाही. चांगल्या नोकऱ्या आहेत असे आम्ही सांगतो, पण त्या मिळालेला माणूस त्याच्या पाड्यात नाही. कुलकर्ण्याच्या मुलाला निदान शेजारचा देशपांडे सनद घेऊन आलेला दिसे.

त्या दिवशी मी फळ्यावर सहज शब्द लिहीत गेलो. हजर, दप्तर, शाई, दौत, कागद, तारीख. हे सारे फार्शीच्या वाटेने आलेले, हे ऐकून मुले हसली. मग त्यांनीच घरचे शब्द सांगितले: मजुरी, मुकादम, कर्ज, हप्ता, जप्ती, जमीन, रोजगार. एकाही शब्दासाठी या मुलांच्या पूर्वजांना मुन्शी ठेवावा लागला नव्हता. पैशाचा आणि हुकमाचा शब्द शिकवावा लागत नाही, तो आपला आपण येऊन बसतो. मी खडू खाली ठेवला तेव्हा फळ्यावर उजवीकडची यादी डावीकडच्या यादीहून लांब झाली होती.

पोटाची गरज संपल्यावरही फार्शीच्या मागे गेलेले लोक होते, त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे. कवी माधव जूलियन्, म्हणजे माधवराव पटवर्धन (१८९४–१९३९), फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फार्शी शिकवीत. १९२५ साली त्यांनी फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, १९२९ साली उमर खय्यामच्या रुबाया मुळातून मराठीत आणल्या, गज्जल मराठीत रुजवली. आणि याच गृहस्थांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परकीय शब्द टाकण्याचा पुरस्कार केला! पुष्कळांना हे विसंगत वाटले. मला तसे वाटत नाही. मराठीच्या तोंडची उसनी फार्शी त्यांना नकोशी झाली असेल. खय्याम त्यांना सुटला नाही. त्याच्या रुबायांवर आधारलेली ‘मधुलहरी’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९४० साली, छापून निघाली.

दुसरे सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४). निजामाच्या राज्यात वाढले, तेव्हा उर्दू-फार्शी त्यांना नोकरीपुरती लागलीच. परंतु हैदराबाद संस्थान गेले, त्या भाषेची भाकरी गेली, तरी ते थांबले नाहीत. औरंगजेबाच्या सैन्यात वावरलेल्या भीमसेन सक्सेनाचा फार्शी वृत्तान्त त्यांनी मराठी वाचकापुढे ठेवला. समोर बोलणारा माणूस तीनशे वर्षांपूर्वीचा, पण बोलका. आणि त्याआधी, सरकारी अंमलदार म्हणून आदिलाबादकडे आदिवासींत काम करताना, ते गोंडी शिकले आणि तिचे व्याकरण लिहून मोकळे झाले. अंमलदाराने गोंडाची भाषा शिकायची, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या फार्शी विद्वत्तेहून नवलाची वाटते. गोंडीत बढती नव्हती. बोलायला गोंड होते.

यंदा इंग्रजीच्या तासाला मी धडा उघडण्याआधी मुलांना त्यातला प्रसंग आपापल्या बोलीत सांगायला लावतो. वारली पोरगा कातकऱ्याला समजावतो, ठाकर मुलगी दोघांनाही चूक काढते, आणि मी त्यांचे शब्द वहीत उतरून घेतो. मग इंग्रजी. गोंगाट फार होतो. शेजारच्या वर्गाची तक्रार आहे. दिवाळीनंतर यांतली काही मुले आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातील. तो हुशार मुलगा त्यांत असेल की नाही, ते सुटी संपल्यावर कळेल.